'कॉटन' म्हणजे नेमका कोणता कापूस?

गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक बाजारात जा आणि 'प्युअर कॉटन दाखवा' म्हणा. दुकानदार तागे उलगडेल, कापूस कोणी काढणार नाही. याच नागपुरातल्या कॉटन मार्केटला आज लोक भाजीसाठी जातात. तरी घोळ होत नाही, कारण माल डोळ्यांसमोर असतो. थीसिसमध्ये फक्त शब्द असतो. इंग्रजी अहवालात 'कॉटन' दिसलं की 'कापूस' लिहून मोकळं व्हायचं, ही आपली सवय मला धोक्याची वाटते.

इंग्रजीत झाड, बोंडातला माल, तंतू, सूत, कापड, सगळ्याला एकच शब्द चालतो. आपल्याकडे विदर्भात शेतात उभी असते ती पऱ्हाटी. वेचून घरी येतो तो कापूस, सरकीसकट. जिनिंगमधून निघते ती रुई, गाठी तिच्याच बांधतात. पुढे सूत, मग सुती कापड. एवढे शब्द हाताशी असताना एकावरच भागवणं हा निव्वळ आळस आहे.

आता हिशेब करून बघा. शेतकरी 'एकरी 8 क्विंटल झाला' म्हणतो, तेव्हा तो सरकीसकट कापूस सांगतो. हेक्टरी झाले साधारण 1,975 किलो. आंतरराष्ट्रीय तक्ते मात्र बहुतेक रुईचे असतात, आणि कापसातून रुई निघते ढोबळमानाने वजनाच्या एक तृतीयांश. म्हणजे तुलनेला घ्यायचा आकडा 650 च्या आसपास. दोन्ही रकान्यांवर 'कापूस उत्पादकता' लिहिलंत, तर आपला कोरडवाहू शेतकरी कागदावर तिप्पट पिकवायला लागतो! भावाचंही तेच. हमीभाव सरकीसकट कापसाचा, गाठींचा भाव रुईचा. दोन्ही शेजारी मांडून 'मधली रक्कम दलालाने खाल्ली' असं लिहिणं सोपं आहे. दलाल खातही असेल, पण तो फरक काही या वजाबाकीतून सिद्ध होत नाही ना.

स्पॅनिशमध्ये अनुवाद करणाऱ्यालाही हीच अडचण येते. तिथला 'अल्गोदोन' इंग्रजी 'कॉटन'सारखाच अरबीतून आलेला आणि तितकाच सैल. म्हणून मेक्सिकोत त्याला शेपूट जोडतात. सरकीसकट असेल तर 'अल्गोदोन उएसो', म्हणजे हाडाचा कापूस. रुई असेल तर 'अल्गोदोन प्लुमा', म्हणजे पिसाचा. सरकीला हाड म्हणणं मला तर फार आवडलं. आपल्याला अशी जोडाजोड करावी लागत नाही.

पण म्हणून सगळीकडे 'रुई' ठोकू नका. पेरणीचं क्षेत्र, बोंडअळी, खरेदी केंद्र, इथे 'कापूस'च बरोबर. अडलात तर एकक बघा. क्विंटल आणि हमीभाव एकत्र असतील तर कापूस, मीटर असेल तर कापड, गाठी असतील तर रुई. फक्त गाठ कुठली तेही तपासा. भारतातली 170 किलोची असते, अमेरिकेतली 480 पौंडांची, म्हणजे जवळपास 218 किलोची.