डायरीचं उजवं पान

बाबांची तेरवी झाल्यावर पुण्याच्या मावसबहिणीने मला एक डायरी पाठवली. डाव्या पानावर छापलेलं, 'मी काय गमावलं?' उजव्या पानावर, 'आता मी काय करणार?' वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावजवळ आमचं गाव. तिथे ओसरीवर बसून मी डावी पानं भरत गेले. उजवी कोरीच राहिली.

त्याच दिवसांत रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचलं. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले, पुस्तक आलं १९१० मध्ये. नवरा गेल्यावर लिहिलेलं असूनही ते रडगाणं नाही. लक्षात राहतो तो लग्नानंतर सुरू झालेला अभ्यास, नवऱ्याने शिकवलेली अक्षरं, आणि ही शिकते म्हणून घरातल्या बायकांचे टोमणे. गेलेल्या माणसाचे आपण गुण सांगतो. रमाबाई त्याच्यासोबतचे दिवस सांगतात, म्हणून तो माणूस आपल्यालाही भेटतो.

तरी माझी एक तक्रार आहे. लग्नात रमाबाई ११ वर्षांच्या होत्या, रानडे ३१ वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे झुकला आणि एका लहान मुलीशी लग्न करून बसला. रमाबाई त्यांची अडचण समजून घेतात. त्यांना जाब विचारणारी रमाबाई मात्र मी पानोपानी शोधली, ती सापडली नाही. मायेने लिहिलेल्या आठवणींचा हा धोका असतो. माणूस देव्हाऱ्यात जाऊन बसतो आणि आपला राग उंबऱ्याबाहेर राहतो.

हे लिहिता लिहिता माझीच चोरी सापडली. माझ्या डाव्या पानांवरही बाबा देव्हाऱ्यातच होते. त्यांचं हसणं होतं, बैलांना हाका मारणं होतं. खत-बियाण्याची दोन वर्षांची उधारी त्यांनी आईपासून लपवली, हे कुठेच नव्हतं.

रमाबाईंचा संकल्पही पुस्तकात शोधून उपयोग नाही. तो पुण्याच्या सेवासदनात दिसतो. १९०९ मध्ये ते सुरू झालं, रमाबाई त्याच्या अध्यक्ष होत्या. बायकांनी शिकावं, नर्सिंगसारखं काम हाती घेऊन स्वतःच्या पायावर उभं राहावं, म्हणून ती संस्था झटली. आठवणींचं पुस्तक त्याच्या पुढच्या वर्षीचं. म्हणजे डायरीवाल्यांनी छापलेला क्रम इथे लागू होत नाही. आधी दुःख लिहून संपवायचं आणि मग आशेचं पान उघडायचं, असं रमाबाईंचं झालं नाही. काम चालू होतं आणि आठवणही चालू होती. जो जाब कागदावर आला नाही, त्याचं उत्तर कदाचित त्या कामात असेल. हा माझा अंदाज आहे, पण मला तो धीर देतो.

म्हणून हे पुस्तक वाचा, पण पूजेला बसल्यासारखं नको. जिथे रमाबाई गप्प राहतात तिथे थांबा आणि आपण कुठे गप्प आहोत ते बघा.

काल रात्री मी डाव्या पानावर लिहिलं, 'बाबा, तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं.' खूप रडले. मग पहिल्यांदाच उजव्या पानावर पेन टेकला. 'मृगाआधी उधारीचा सगळा हिशोब आईपुढे मांडायचा. सोयाबीन किती एकरात पेरायचं ते दोघींनी मिळून ठरवायचं.'