पाच फेऱ्यांची तडजोड

'हौशी' हा शब्द मराठीत मोठा लबाड आहे. नाटकाच्या जाहिरातीवर तो दिसला की प्रेक्षक तिकिटाचे पैसे मोजतो, पण नटाच्या हाती काय पडले हे कोणी विचारीत नाही. त्याच्या उलट 'धंदेवाईक' म्हटले की नाके किंचित मुरडली जातात. जणू पोट असणे हा कलावंताचा दोषच! गाणे असो, नाटक असो की कुस्ती, घरातल्या एखाद्या मुलाने वा मुलीने त्यात जीव ओतायचे ठरवले की वडीलधाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच: हौस ठीक आहे, पण पुढे काय? दिवाळीच्या फराळाबरोबर ठोसाठोशीचा विषय वाढल्याबद्दल वाचकांनी म्हणूनच राग मानू नये. हा प्रश्न नियमांच्या भाषेत सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न मुष्टियुद्धाच्या जगात झाला. २०१० साली त्याचा पडदा उघडला आणि २०१८ च्या मोसमानंतर तो पडला. आता टाळ्याही विरल्या आहेत आणि हुर्योही. परीक्षणाला ही वेळ चांगली.

या प्रयोगाचे नाव 'वर्ल्ड सिरीज ऑफ बॉक्सिंग'. हौशी मुष्टियुद्धाचा जागतिक कारभार पाहणाऱ्या 'आयबा' या संघटनेने, तैवानचे चिंग-कुओ वू अध्यक्ष असताना, तो रंगभूमीवर आणला. कल्पना अशी, की मुष्टियोद्ध्यांचे संघ करावेत, त्यांना मानधन द्यावे, धंदेवाईकांसारखे लढू द्यावे. आणि तरीही त्यांचा ऑलिंपिकचा दरवाजा उघडा ठेवावा. पहिल्या मोसमात बारा संघ उतरले. पॅरिस, मिलान, इस्तंबूल, बाकू, अस्ताना, बीजिंग, लॉस एंजेलिस, मेम्फिस अशी शहरांची नावे आणि त्यांना जोडलेली भारदस्त बिरुदे. विजेतेपद पॅरिसने मिळवले.

या बेरजेतील नवेपण कळण्यासाठी आधीची दोन्ही घरे पाहिली पाहिजेत. हौशी घरात त्या काळी तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. म्हणजे सगळी लढत नऊ मिनिटांची. अंगात बनियन, डोक्यावर संरक्षक टोप. गुण मोजायला यंत्र. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सवर अंतिम लढतीत उघड अन्याय झाला, तेव्हा माणसाच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला आणि १९९२ पासून पंचांच्या हाती बटणे आली. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तर ठोसा लागला. नाही तर तो लागलाच नाही! परिणाम व्हायचा तोच झाला. बरगडीखाली बसलेला, प्रतिस्पर्ध्याचा श्वास काढणारा ठोसा बटणापर्यंत पोहोचेना, आणि लांबून केलेली टिचकी गुण घेऊन जाऊ लागली. मुष्टियुद्धाची तलवारबाजी झाली.

धंदेवाईक घर याच्या अगदी उलट. उघडे अंग, टोप नाही, मोठ्या किताबासाठी बारा फेऱ्या, म्हणजे छत्तीस मिनिटे. प्रत्येक फेरीचे गुण माणसेच देणार: जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ किंवा त्याहून कमी. तेथे पैसा आहे, पण तो कोणाला, कधी आणि किती, हे लढत ठरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून.

नव्या मालिकेने मधली वाट काढली. तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या, टोपाला आणि बनियनला रजा, यंत्राला निरोप, दहा गुणांची पद्धत आणि तीन पंच. खेळ म्हणून पाहिले तर ही तडजोड उत्तम साधली होती, हे आधी मान्य केले पाहिजे. नऊ मिनिटांत घाई जिंकते. छत्तीस मिनिटांत कधी कधी नुसता सोशिकपणा जिंकतो. पंधरा मिनिटांत मात्र एक संपूर्ण कथा मावते. पहिल्या फेरीत ओळख, दुसरीत डाव, तिसरीत चूक, चौथीत त्या चुकीची किंमत आणि पाचवीत माणसाचा खरा स्वभाव.

संघांच्या सामन्याची बांधणीही नाट्यमय होती. सुरुवातीच्या मोसमांत एका संध्याकाळी पाच वजनी गटांच्या पाच लढती होत. संख्या विषम, त्यामुळे बरोबरीचा प्रश्न नाही. लढती हलक्या गटाकडून जड गटाकडे चढत जात. आपल्याकडे जत्रेतला कुस्त्यांचा फड असाच चढतो. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात आणि शेवटी नामवंतांचे इनाम. फरक इतकाच, की जत्रेत पोराची कुस्ती पोराबरोबर संपते. येथे चोपन्न किलोच्या मुलाने गमावलेली लढत शेवटच्या महाकाय गड्याच्या खांद्यावर जाऊन बसे. एरवी अत्यंत एकाकी असलेल्या या खेळात दुसऱ्यासाठी लढण्याची भावना आली, हे श्रेय या मालिकेचे.

पण येथेच टीकाकाराला थबकावे लागते. दुसऱ्यासाठी म्हणजे कोणासाठी? संघ नुसत्या गणवेशाने होत नाही. पहिल्या मोसमात अमेरिकेच्या तीन शहरांचे संघ होते; २०१२-१३ च्या तिसऱ्या मोसमात साऱ्या अमेरिकेचा मिळून एक उरला. मिलानचा संघ 'इटालिया' झाला. जर्मनी, पोलंड, युक्रेन, ब्रिटन ही नावे पुढे आली. आपल्या मुंबईचेही नाव घेऊन 'मुंबई फायटर्स' हा संघ एक मोसम उतरला. किती मुंबईकरांना त्याची वार्ता होती? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गिरगावातल्या वा परळातल्या माणसाला ज्या तालमीचा पत्ता ठाऊक नाही, तिच्या हरण्याने त्याचा घास अडणार नाही. भारतीय मुष्टियुद्धाची खरी मुळे हरियाणात भिवानीच्या आसपास होती. पुढे २०१८ मध्ये 'इंडिया टायगर्स' आले, तेव्हा निदान नाव तरी साऱ्या देशाचे होते. टिकून जिंकत राहिले ते कोण? २०१३, २०१५ आणि २०१७ मध्ये अस्ताना. २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये क्युबा. या दोन्ही संघांमागे तयार शाळा, तयार गुरू आणि देशाचे पाठबळ उभे होते. लिलावात शहराचे नाव घेता येते. शहर घेता येत नाही.

क्युबाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. क्रांतीनंतर १९६२ मध्ये त्या देशाने धंदेवाईक खेळावर बंदी घातली. तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके जिंकली आणि अमेरिकेतील लाखो डॉलरचे देकार नाकारले. त्या नकारात मोठेपणा होता, यात शंका नाही. पण ज्यांना नकार द्यायचा नव्हता, त्यांना देश सोडून पळण्याखेरीज वाट नव्हती, हेही तितकेच खरे. अशा देशाचा संघ या मालिकेत उघड्या अंगाने, मानधन घेऊन लढू लागला, तेव्हा एक भिंत हलली. ती पडायला २०२२ उजाडले; त्या वर्षी क्युबाने आपल्या मुष्टियोद्ध्यांना धंदेवाईक लढतींची परवानगी दिली.

म्हणजे मालिकेने नियम मिसळले. प्रश्न असा, की हक्कही मिसळले का? माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि माझ्या मते तिचे मुख्य अपयश तेच. खेळाडूला मानधन मिळाले, पण दोरी संघटनेच्याच हाती राहिली. जो तिच्या छपराखाली धंदा करील तो ऑलिंपिकचा. जो बाहेर जाऊन तोच धंदा करील तो परका! बीजिंगमध्ये २००८ साली कांस्यपदक मिळवणाऱ्या आपल्या विजेंदर सिंगने २०१५ मध्ये बाहेरच्या संस्थेशी करार केला, आणि हौशी संघातील त्याचे स्थान संपले. पैसा दोन्हीकडे होता. बदलला होता फक्त धनी.

युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोची गोष्ट या गोंधळावर चांगला प्रकाश टाकते. लंडनचे सुवर्णपदक घेऊन तो २०१२-१३ मध्ये या मालिकेत सहा लढती खेळला आणि सहाही जिंकला. मग तो धंदेवाईक झाला व २०१४ च्या मार्चमध्ये जागतिक किताबासाठी उभा राहिला. तेव्हा जाणकारांत वाद जुंपला, की ही त्याची दुसरी लढत की आठवी? ज्या घराने त्याला मानधन दिले होते, त्या घरातला मुक्काम नोकरीचा की हौसेचा, हे कोणालाच सांगता येईना. लढत तो हरला. प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याचा सोबती ओलेक्सांद्र उसिकही त्याच संघातून लढला होता. २०२४ मध्ये तो जड गटाचा निर्विवाद जगज्जेता झाला. पाच फेऱ्यांची शाळा वाईट नव्हती, याचा याहून वेगळा दाखला नको.

आणखी दोन उणिवांची नोंद केली पाहिजे. पहिली डोक्याची. टोप काढल्याने मेंदूला बसणारे धक्के कमी होतात, असे संघटनेचे म्हणणे होते. वैद्यांत त्याबद्दल एकमत नाही. भुवया जास्त फुटतात, एवढे मात्र प्रेक्षकालाही दिसे. दुसरी उणीव स्त्रियांची. २०१२ मध्ये स्त्रिया ऑलिंपिकच्या रिंगणात आल्या, आपल्या मेरी कोमने कांस्यपदक आणले, तरी या मालिकेत त्यांना पुरुषांच्या बरोबरीचे स्थान मिळाले नाही. भारतात २०१९ मध्ये झालेल्या 'बिग बाउट' स्पर्धेत स्त्री-पुरुष एकाच संघातून लढले. जे येथे सहज जमले ते तेथे जमू नये, याचे नवल वाटते.

शेवटी घर कोसळले ते हिशेबाने. अमेरिकेतील व्यवहारासाठी अझरबैजानमधून सुमारे १ कोटी डॉलरचे कर्ज आले आणि त्याचे ओझे संघटनेच्या मानेवर बसले. २०१७ मध्ये वू पायउतार झाले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील निकालांत पद्धतशीर फेरफार झाल्याचे २०२१ च्या स्वतंत्र चौकशीने सांगितले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने संघटनेची मान्यताच काढून घेतली. यंत्र काढून माणसावर विश्वास टाकायचा, तर माणूस विश्वासाचा हवा. दहा गुणांची पद्धत कितीही शहाणी असली तरी तिला प्रामाणिकपणा शिकवता येत नाही.

तरीही या प्रयोगाला सरसकट नापास करणे अन्यायाचे होईल. पैसे घेतल्याने खेळ बाटत नाही, हे त्याने जगाला दाखवले. बाटतो तो खेळाडूची मालकी दुसऱ्याकडे गेल्याने. पुढे कोणी असा संघ उभारणार असेल, तर त्याने पाच फेऱ्या जरूर घ्याव्यात, मुलींना बरोबर घ्यावे, आणि नाव घ्यायच्या आधी गाव जोडावे. खेळाडूला मानधनाबरोबर दार उघडून बाहेर जाण्याची मोकळीकही द्यावी. तेवढे झाले, तर 'हौशी' या शब्दातली लबाडी जाईल आणि निखळ हौस तेवढी उरेल.