पर्णार्द्रतेचे मापन : संवेदक नेमके काय मोजतो?

प्रास्ताविक

पाऊस, दव, धुके किंवा तुषारसिंचन यांमुळे पानाच्या पृष्ठभागावर मुक्त पाणी सलग जितके तास टिकून राहते, त्या कालावधीस वनस्पतिरोगशास्त्रात 'पर्णार्द्रता काल' असे म्हटले जाते. बहुसंख्य बुरशीजन्य रोगांच्या बीजाणूंना रुजण्यासाठी व पानात शिरकाव करण्यासाठी असे पाणी आवश्यक असते. म्हणूनच तापमान आणि पर्णार्द्रता काल या दोन घटकांवरून रोगाचा पूर्वअंदाज बांधता येतो, ही या शाखेतील मूलभूत धारणा होय. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील द्राक्षबागांत, विशेषतः नाशिक परिसरात, इलेक्ट्रॉनिक संवेदक बसविले जाऊ लागले आहेत. बाजारात त्यांना सरसकट 'सेन्सर' म्हणतात. पान किती तास ओले होते याचा आकडा बागायतदाराच्या मोबाईलवर येतो आणि त्या आकड्याच्या आधारे फवारणीचा निर्णय होतो.

प्रस्तुत लेखात या आकड्याची चिकित्सा करावयाची आहे. संवेदक निरुपयोगी आहेत असे प्रतिपादन करण्याचा हेतू नाही. परंतु संवेदक पानाचा ओलावा मोजत नाही, तो स्वतःचा ओलावा मोजतो, ही साधी बाब सल्ल्यांत, अहवालांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही नजरेआड होत आहे, असे खेदाने नमूद करावे लागते.

तक्ता आणि तबकडी

पर्णार्द्रता कालाला व्यवहारात प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मिल्स यांनी. सफरचंदावरील खपली रोगासाठी त्यांनी १९४४ मध्ये जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यानुसार सुमारे १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमानास पान ९ तास ओले राहिल्यास रोगाची लागण होते. थंडी वाढत जाते तसतसा हा काळ लांबत जातो. हे कोष्टक जगभर वापरले गेले. पुढे १९८९ मध्ये मॅकहार्डी व गॅडुरी यांनी त्याची फेरतपासणी केली तेव्हा त्यातील काल सुमारे ३ तासांनी अधिक धरला गेला असल्याचे आढळले. याचे कारण उद्बोधक आहे. या बुरशीचे प्राथमिक बीजाणू मुख्यतः दिवसा बाहेर पडतात. रात्री सुरू झालेल्या पावसाचे तास मोजणीत धरल्यामुळे आकडा फुगला होता. तासांची बेरीज बरोबर होती, ती कोठून सुरू करावयाची हे चुकले होते. साडेचार दशके प्रमाण मानल्या गेलेल्या कोष्टकाची ही कथा आजच्या उपकरणांकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आरंभीची उपकरणे यांत्रिक होती. ओली झाली की आखडणाऱ्या दोरीच्या हालचालीवरून कागदावर रेघ उमटत असे. त्यानंतर विद्युत-जाळीचे संवेदक आले. एका पट्टीवर तांब्याच्या दोन नक्ष्या परस्परांत गुंतवलेल्या पण एकमेकींना न चिकटलेल्या असतात. त्यांच्यामध्ये पाणी आले की विद्युत रोध घटतो. कॅनडातील गिलेस्पी व किड यांचा १९७८ मधील शोधनिबंध या पद्धतीच्या विकासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. अलीकडच्या तबकड्या रोधाऐवजी पृष्ठभागाजवळील परावैद्युत स्थिरांकातील बदल टिपतात. हवेचा हा स्थिरांक सुमारे १, तर पाण्याचा सुमारे ८० असल्याने पाण्याचा पातळ थरही ओळखता येतो. (दव आणि हिमकण यांतील भेदही या तबकडीस कळतो, आपल्याकडे त्याचे अप्रूप कमीच.)

येथवर सर्व ठीक आहे. मात्र तबकडी देते ते केवळ एक विद्युतमूल्य. त्या मूल्याच्या कोणत्या पातळीपासून 'ओले' म्हणावयाचे ही सीमा माणूस ठरवतो. ही सीमा थोडी वर-खाली केली तर त्याच रात्रीचा पर्णार्द्रता काल बदलतो, आणि मोबाईलवर येणाऱ्या आकड्यासोबत ती सीमा कधीच येत नाही.

दवाचा प्रश्न

पाऊस पडत असता कोणतीही दोन उपकरणे बहुधा एकमत दर्शवितात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाचा पाऊस द्राक्षबागांवर कोसळला, तेव्हा पान ओले आहे हे सांगण्यास संवेदकाची गरज नव्हती. संवेदकाचे खरे प्रयोजन निरभ्र आकाशाच्या, दव पडणाऱ्या रात्री असते. आणि त्याची दुर्बलता नेमकी तेथेच उघडी पडते.

रात्री पान आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते व दवबिंदू तापमानाखाली गेले की त्यावर दव साचते. तबकडीचे थंड होणे तिच्या जाडीवर, रंगावर, उष्णताधारणेवर व कलावर अवलंबून असते. रंग न दिलेल्या जाळीवर दवाचे सूक्ष्म थेंब सुटे राहतात, दोन नक्ष्यांमधील अंतर सांधत नाहीत आणि उपकरण 'कोरडे' असा निर्वाळा देत राहते. म्हणून जाळीवर लॅटेक्स रंगाचा थर देण्याची प्रथा पडली. सेंटेल्हास व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये संवेदकांच्या मांडणीचा अभ्यास करून ते आखूड गवतावर ३० सेंटिमीटर उंचीवर, ३० ते ४५ अंशांच्या कलात ठेवावेत अशी शिफारस केली. ही शिफारस तुलनेसाठी उत्तम आहे. परंतु गवतावरची तबकडी म्हणजे मंडपातील पान नव्हे. उलट तबकडी मंडपात बांधावी तर दर आठवड्यास वाढणारे शेंडे तिच्यावर सावली धरतात, आणि ब्लोअरने मारलेल्या औषधांचा थर तिच्यावरही बसतो. अशा थरातील क्षार हवेतील बाष्प ओढून घेतात व तबकडी पानाआधीच ओली होते. ती केव्हा पुसली याची नोंद बागेत सहसा कोणी ठेवत नाही.

केवड्याच्या संदर्भात

द्राक्षावरील केवडा, म्हणजे बागायतदारांच्या भाषेतील 'डाऊनी', याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. या रोगकारकाचे चलबीजाणू पाण्यात पोहत जाऊन पर्णरंध्रांतून आत शिरतात, आणि द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रे खालच्या बाजूस असतात. आकाशाकडे तोंड करून बसविलेली तबकडी वरच्या पृष्ठभागाचे प्रतिनिधित्व करते. दवाच्या रात्री पानाची वरची बाजू ओली व खालची कोरडी, अशी स्थिती असू शकते; दाट धुक्यात दोन्ही बाजू ओल्या होतात. संवेदकाच्या लेखी या दोन रात्री सारख्याच. भुरीच्या बाबतीत तर मुक्त पाण्याची आवश्यकताच नसते, किंबहुना पाणी तिच्या बीजाणूंना मारक ठरते. तरीही 'रोगाचा धोका' या एकाच शीर्षकाखाली दोन्ही रोगांचे इशारे शेजारी शेजारी दाखविले जातात, हे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय होय.

परदेशी नियमांचे अंधानुकरण हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. इटलीत बाल्दाची यांनी १९४७ मध्ये मांडलेला 'तीन दहा'चा नियम, म्हणजे १० अंश तापमान, १० मिलिमीटर पाऊस व १० सेंटिमीटर लांबीची फूट, हा तेथील वसंत ऋतूसाठी आहे. नाशिकला ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तापमानाची ही अट रोजच पूर्ण होते. त्यामुळे ती धोक्याची व निर्धोक रात्र यांत भेद करू शकत नाही.

रोलँडसन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा घेतला. रोग-इशारा प्रणाली पर्णार्द्रतेच्या मापनातील काही त्रुटी सहन करण्याइतक्या भक्कम असतात, असे सांगतानाच अधिक अचूक मापनाची गरज त्यांनी प्रतिपादली आहे. यातील पहिले विधान सर्व रोगांना सारखे लागू करता येत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जेथे लागणीस ९ तास लागतात तेथे दीड-दोन तासांची चूक पचू शकते. केवड्यास २० ते २५ अंश तापमानात अवघे दोन-तीन तासांचे पाणी पुरेसे होते. तेथे तेवढीच चूक निर्णय उलटा करते. सूर्योदयानंतर पान केव्हा सुकले हा एकच तास निर्णायक ठरतो, आणि तबकडी पानापेक्षा लवकर किंवा उशिरा सुकते.

या चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी द्यावी लागते. पोंगा ते फुलोरा या अवस्थेत खोटा 'कोरडा' आकडा मिळाला तर घडच हातचे जातात. खोटा 'ओला' आकडा मिळाला तर एक फवारणी वाढते. मजुरी, डिझेल व औषध यांचा खर्च वाढतो, निर्यातीच्या मालातील अंशाची चिंता वाढते आणि रोगकारकाची प्रतिकारक्षमताही बळावते. मेटॅलॅक्झिल व स्ट्रोबिल्युरिन गटातील बुरशीनाशकांना केवड्याचा रोगकारक अनेक देशांत दाद देईनासा झाला आहे.

महाविद्यालयीन संशोधनाची जबाबदारी

या क्षेत्रात आपल्या महाविद्यालयांतील विभागांना करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यासाठी महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. संवेदकाची पारख करण्याचे अंतिम प्रमाण अद्यापही मानवी डोळा हेच आहे. वर उल्लेखिलेल्या संशोधकांनीही प्रत्यक्ष निरीक्षणाचाच आधार घेतला. वनस्पतिशास्त्र व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन जवळच्या बागेत फळछाटणीनंतरच्या काळात पहाटे चारपासून पाने सुकेपर्यंत दर अर्ध्या तासाने, निश्चित केलेल्या पानांच्या वरच्या व खालच्या बाजू स्वतंत्रपणे तपासून नोंदवाव्यात आणि त्या नोंदी तबकडीच्या आकड्यांशेजारी मांडाव्यात. सोबत तबकडीची उंची, कल, दिशा, रंग, 'ओले' ठरविण्याची सीमा आणि ती शेवटची स्वच्छ केल्याची तारीख द्यावी. या सहा बाबी ज्या शोधनिबंधात दिलेल्या नसतील, त्यातील पर्णार्द्रतेचे आकडे दुसऱ्या बागेतील आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत. परीक्षकांनी असे निबंध पुनर्लेखनासाठी परत पाठवावेत.