कंडक्टर बदलतो तेव्हा

मराठीत ‘संगीत दिग्दर्शक’ म्हटले की चित्रपटाच्या चाली बांधणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि ‘कंडक्टर’ म्हटले की एसटीतला. सिम्फनी ऑर्केस्ट्रातला म्युझिक डिरेक्टर चाल रचत नाही, मैफलीत एकही वाद्य वाजवत नाही. वर्षभर काय वाजणार, रिकाम्या झालेल्या खुर्चीवर कोण बसणार, यात त्याचा शब्द चालतो, आणि तो शंभर जणांपुढे हात हलवत उभा असतो. तो बदलला की ऑर्केस्ट्राचा आवाज बदलतो, असे परीक्षक लिहितात. मीही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. बर्लिन फिलहार्मोनिकचा दाखला माझ्या जिभेवरच असे: कारायानच्या काळातला भरदार, कुठेही सांधा न दिसणारा तंतुवाद्यांचा ओघ, आणि अब्बादो आल्यावर झालेली उघडीप.

एका मित्राने माझी परीक्षा घेतली. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीची बर्लिनचीच दोन ध्वनिमुद्रणे त्याने लावली, कारायानचे १९८७चे आणि अब्बादोचे १९९०चे. सुरुवातीचाच भाग, जिथे टिंपनी आणि डबल बेस एकच स्वर घणासारखा ठोकत राहतात आणि वरून व्हायोलिने चढत जातात. पहिले ऐकताच मी खात्रीने म्हणालो, ‘कारायान.’ तो अब्बादो होता.

आजवर मी कानाने ऐकत होतो की वेष्टनावरचे नाव वाचून, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

तारखा मांडल्या की चूक कशी झाली ते कळते. कारायानने एप्रिल १९८९मध्ये राजीनामा दिला आणि जुलैत तो वारला. ऑक्टोबरमध्ये वादकांनी क्लाउडिओ अब्बादोला निवडले. वर्षभरात हे ध्वनिमुद्रण झाले. समोरचा माणूस बदलला होता, पण बहुतेक खुर्च्यांवर तीच माणसे होती. तीस-तीस वर्षे एका पद्धतीने गज ओढणारा हात वर्षभरात दुसरा होत नाही. त्या मुद्रणातले वजन अब्बादोने आणलेले नव्हते, ते त्याला वारशात मिळाले होते.

‘वादकांनी निवडले’ हे अक्षरशः खरे आहे. १८८२मध्ये बेंजामिन बिल्झेच्या वाद्यवृंदातून बाहेर पडलेल्या वादकांनी ही संस्था काढली, आणि आपला प्रमुख आपण ठरवायचा ही खोड तिला जन्मापासून आहे. आपल्याकडे शिष्य गुरूच्या दाराशी वर्षे काढतो. इथे शिष्यच गुरू निवडतात आणि मग त्याच्यापुढे मान तुकवतात. अर्थात निवड नेहमी कृतज्ञतेने होते असे नाही. युद्धानंतरच्या पडझडीत चेलिबिडाकेने या वाद्यवृंदाबरोबर चारशेहून अधिक कार्यक्रम केले. १९५४च्या नोव्हेंबरात फुर्टव्हेंग्लर वारला तेव्हा वादकांनी त्याला बाजूला सारून कारायानला घेतले. चेलिबिडाके त्यांच्यापुढे पुन्हा उभा राहिला तो थेट १९९२ साली.

अमेरिकेत हा अधिकार विश्वस्त मंडळाकडे असतो. तिथल्या एका प्रकरणाचा धागा मुंबईपर्यंत येतो. बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारणाऱ्या मेहली मेहतांचा मुलगा झुबिन १९६१मध्ये लॉस एंजेलिसला एका आजारी कंडक्टरच्या जागी उभा राहिला आणि मंडळाच्या मनात भरला. त्यांनी त्याला सहायक नेमून टाकले. नियोजित म्युझिक डिरेक्टर गेऑर्ग शोल्टी होता आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते. त्याने राजीनामा दिला. १९६२मध्ये, सव्विसाव्या वर्षी, झुबिन मेहता त्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले आणि १९७८पर्यंत राहिले. आपण ही हकिकत मुंबईच्या मुलाच्या कर्तबगारीची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण शोल्टीचा राग मला रास्त वाटतो. घरात कोणाला घ्यायचे हे न विचारता ठरत असेल, तर घर आपले कसले?

हाच प्रश्न वीस वर्षांनी बर्लिनमध्ये उलट बाजूने उभा राहिला. कारायानला क्लॅरिनेटवादक झाबिने मायर हवी होती. वादकांचे म्हणणे, तिचा नाद आमच्या सुषिरवाद्यांत मिसळत नाही. बाई म्हणून नाकारली, असे बाहेर बोलले गेले. मॅडलीन कारुझो ही पहिली स्त्रीवादक मात्र याच वाद्यवृंदात १९८२ साली आली होती. कारायानने दौरे थांबवण्याची धमकी दिली, तरी उमेदवारीच्या काळानंतरचे मत ७३ विरुद्ध ४ असे तिच्या विरोधात गेले. मायरने वाद्यवृंद सोडला आणि एकलवादक म्हणून मोठे नाव केले. कारायान आणि वादक यांच्यातली तेढ शेवटपर्यंत पुरती मिटली नाही.

वादकांचा हेतू शुद्ध होता की नाही, याचा निवाडा मी करू शकत नाही. पण त्यांनी दिलेले कारण कानाने तपासण्यासारखे आहे. ब्राम्सच्या याच सिम्फनीचा तिसरा भाग क्लॅरिनेटने उघडतो, खाली चेलो बोटांनी तारा छेडत असतात. तोच भाग मी दोन्ही मुद्रणांत पुन्हा पुन्हा लावला. कारायानकडे क्लॅरिनेट वेगळी अशी ऐकूच येत नाही, पाण्यात साखर विरघळावी तशी ती एकूण नादात विरते. त्या वादकांना ‘मिसळणे’ म्हणजे काय अभिप्रेत होते, ते इथे कळते. अब्बादोकडे ती कोणाशी तरी बोलू लागते, आणि उरलेले थांबून ऐकतात. माझी उघडीप ती हीच, पण ती या कोपऱ्यात आहे. सिम्फनीच्या दारातच ती ऐकल्याचा दावा मी इतकी वर्षे करत होतो.

पुढे ती सगळीकडे पसरली, त्याला हातांच्या हालचालीइतकीच निवृत्ती कारणीभूत आहे. अब्बादोच्या काळात जुनी पिढी एकेक करून गेली, तरुण वादक आले, आणि ‘मला क्लाउडिओ म्हणा’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाताखाली एकमेकांचे ऐकत वाजवायला शिकले. २००२मध्ये सायमन रॅटलला हा घडलेला वाद्यवृंद मिळाला. पदभार घेण्याआधी त्याने वादकांचे पगार आणि संस्थेची स्वायत्तता या दोन गोष्टी मार्गी लावून घेतल्या. कंडक्टरच्या चरित्रात हा मजकूर कंटाळवाणा वाटतो. मला तो त्याच्या कित्येक ध्वनिमुद्रणांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

रॅटलनंतर कोण, यासाठी ११ मे २०१५ रोजी वादक दालेममधल्या एका चर्चमध्ये जमले. अकरा तास बसले आणि निर्णयाविना उठले. जूनमध्ये पुन्हा मतदान होऊन किरिल पेट्रेन्को निवडला गेला. तोवर त्याने त्यांच्यापुढे जेमतेम तीन वेळा कार्यक्रम केले होते, आणि त्याच्या नावावर ध्वनिमुद्रणेही फारशी नव्हती. वेष्टन वाचून मत बनवायची सोय इथे कोणालाच नव्हती. त्यांना त्या तीन वेळच्या तालमी आठवत होत्या.

त्या मित्राने मागच्या महिन्यात तीच सिम्फनी पुन्हा लावली, या वेळी रॅटलचे २००८चे मुद्रण मिसळून. क्रम अर्थातच सांगितला नाही. मी तिसऱ्या भागातली क्लॅरिनेट येईपर्यंत थांबलो, आणि ती आल्यावरही काही बोललो नाही.