राक्षसाच्या पोटावर उडी

कोयनानगरात घर हलणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात इथली आणि आसपासची सुमारे १८० माणसं गेली. त्यामुळे ‘पापो अँड यो’ या व्हिडिओ गेममधली घरं जागची उठू लागतात, तेव्हा इथल्या माणसाच्या पोटात आधी गोळाच येईल. पण ती उठवतो एक पोरगा, खडूच्या रेघांनी. किको भिंतीवरची पांढरी रेघ ओढतो आणि झोपडपट्टीतली घरं सरकतात, एकमेकांवर चढतात, त्याच्यासाठी वाट तयार करतात. स्वतःच्या घरात ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याच्या बोटावर अख्खी वस्ती हलते.

हा गेम २०१२ साली माँट्रियलच्या मायनॉरिटी मीडियाने काढला. कर्ता वँडर कबालेरो, मूळचा कोलंबियाचा. त्याचा बाप दारूडा होता. बापातल्या राक्षसाला तोंड देत ज्यांच्यासोबत आपण तगलो, त्या आईला आणि भावंडांना त्याने सुरुवातीलाच हा खेळ अर्पण केला आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’सारख्या आत्मकथनांतून खडतर बालपण आपण वाचत आलो. वाचताना जीव कळवळतो, पण आपल्या हातून काही होत नाही. इथे मात्र आपल्या हातूनच होतं.

किकोसोबत एक अवाढव्य राक्षस असतो. नारळ दिसला की भोळेपणाने मागे येतो, खाऊन झोपतो. तो झोपला की त्याच्या गरगरीत पोटावर उड्या मारून उंच छपरावर पोचायचं. मला या खेळातलं सर्वात खरं वाटतं ते हे पोट. बाप निजलेला असतो तेव्हाच तो बाप असतो, हे मद्यप्याच्या पोरांना पक्कं ठाऊक असतं. पण बेडूक दिसला की राक्षस त्यावर झेपावतो, गिळतो, पेट घेतो आणि किकोलाच उचलून आपटतो. मग आपण बेडूक आधीच पकडून भिंतीवर फेकू लागतो. बाटली लपवणाऱ्या पोराची लगबग कधी आपल्या अंगात शिरली, ते कळतही नाही. आणि तरी पुढची वाट त्या राक्षसावाचून उघडत नाही. भीती आणि गरज एकाच देहाची.

उणिवा आहेत. कॅमेरा अडखळतो, कोडी फार सोपी, आणि अलेहांद्रा ही मुलगी पात्र म्हणून उभीच राहत नाही. शेवटाला मात्र कबालेरो कच खात नाही. राक्षसावर उतारा आहे, या आशेवर आपण इतकी मजल मारलेली असते. उतारा नसतो. बापाला सोडून द्यावं लागतं, आणि ते बटण आपल्यालाच दाबायचं असतं.

चार-पाच तासांचा खेळ आहे. ज्यांच्या घरात असा बाप होता किंवा आहे, त्यांनी तो जरूर खेळावा, पण शेजारी कुणाला तरी बसवून.