बुडणारी मुंबई आणि उडालेले पत्रे

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्लायमेट सेंट्रल’ या अमेरिकी ना-नफा संस्थेने किनारी पुराच्या धोक्याचे नकाशे प्रसिद्ध केले. २०५० च्या नकाशात मुंबईचा मोठा भाग रंगवलेला होता. ‘मुंबई बुडणार’ असे मथळे झाले आणि हवामानबदलाच्या प्रचारात हे चित्र रुळले.

नकाशामागचे काम भक्कम आहे. उपग्रहाने मोजलेल्या जमिनीच्या उंचीत झाडे-इमारतींची उंची मिसळते. ती चूक दुरुस्त केल्यावर, वार्षिक पुराच्या पातळीखाली येणाऱ्या जमिनीवर आज राहणाऱ्यांची जागतिक संख्या सुमारे ८ कोटींवरून ३० कोटींवर गेली. मात्र त्यात बांध, भिंती धरलेल्या नव्हत्या. शिवाय वर्षातून सरासरी एकदा पाणी येणे म्हणजे कायमचे बुडणे नव्हे. संशोधकांनी मर्यादा सांगितल्या होत्या. प्रचारात त्या गळाल्या.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. या मांडणीत धोका म्हणजे पाणी, आणि धोक्यात कोण, तर महानगर. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले तेव्हाही सगळ्यांचे डोळे मुंबईकडे होते. ते धडकले अलिबागच्या दक्षिणेला. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडे पत्रे-कौले उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात. हे नुकसान मुख्यतः वाऱ्याचे. ताशी ११० किमी वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ५५ किलो वजनाइतका असतो. तेवढ्या पत्र्याचे वजन जेमतेम पाच किलो. छप्पर टिकते ते हुक आणि पट्ट्यांच्या जोरावर. प्रचाराच्या चित्रात हुक कुठेच नाही.

भीती दाखवल्याशिवाय लोक लक्ष देत नाहीत, असे प्रचारक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण आमच्या छत्तीसगडशेजारचा ओडिशा पाहा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये काही डझन. दरम्यान समुद्र थंड झाला नव्हता. निवारे बांधले गेले, लाखो लोकांना वेळेत हलवले गेले. धोका केवळ वादळाच्या जोरावर ठरत नाही. वाटेत कोण आहे आणि त्याचे घर कसे आहे, यावरही ठरतो. ‘समुद्र चढतोय’ एवढेच सांगणारी मोहीम या दोन गोष्टी सरकारच्या आणि आपल्याही नजरेआड करते.

विद्यार्थ्यांनी तो नकाशा उघडून श्रीवर्धन शोधावे, आणि तिथला रंग २०२० च्या नुकसानीशी ताडून पाहावा.