बीजाणू, खाटा आणि उद्दिष्टे : मेडस्टोन चौकशी अहवालाची चिकित्सा

इंग्लंडमधील ‘हेल्थकेअर कमिशन’ या तत्कालीन नियामक संस्थेने ऑक्टोबर २००७ मध्ये केंट परगण्यातील मेडस्टोन अँड टनब्रिज वेल्स या रुग्णालय ट्रस्टविषयीचा चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. एप्रिल २००४ ते सप्टेंबर २००६ या काळात ट्रस्टच्या रुग्णालयांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसील (२०१६ पासून क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील) या आतड्यातील जिवाणूचा जो फैलाव झाला, त्याची ही चौकशी होय. सुमारे ९० रुग्णांच्या मृत्यूचे मुख्य कारण निश्चितपणे वा बहुधा हा संसर्ग होता, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. प्रस्तुत टिपणात अहवालातील कार्यकारणविचार तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रतिजैविकांमुळे आतड्यातील नित्याचे जिवाणू नष्ट झाले की या जिवाणूस मोकळे रान मिळते व त्याच्या विषद्रव्यांमुळे तीव्र अतिसार होतो, हे १९७८ पासून ज्ञात आहे. त्याचे बीजाणू अल्कोहोलयुक्त द्रावणाने मरत नाहीत. हात साबण-पाण्याने धुवावे लागतात, पृष्ठभागांसाठी क्लोरीनयुक्त द्रावण व रुग्णासाठी स्वतंत्र खोली लागते. म्हणजेच येथे प्रतिबंध हा प्रतिजैविकांच्या संयमाइतकाच मनुष्यबळ, जागा आणि वेळ यांचाही प्रश्न आहे.

अहवालाचे बलस्थान त्याच्या तपशिलात आहे. धुतल्यानंतरही घाण राहिलेली बेडपॅन, परस्परांना खेटून मांडलेल्या खाटा, सातत्याने ९० टक्क्यांहून अधिक भरलेली रुग्णालये हे सारे कोणतीही अतिशयोक्ती न करता नोंदविले आहे. अतिसाराच्या रुग्णांना अंथरुणातच शौच करण्यास परिचारिकांनी सांगितल्याची नोंद वाचताना मात्र थांबावेच लागते. २००५ च्या शरद ऋतूतील उद्रेक तर ट्रस्टच्या वेळीच लक्षातही आला नव्हता.

मात्र कारणमीमांसेकडे वळताच अहवालाची दृष्टी आखूड होते. संचालक मंडळाचे लक्ष आर्थिक ताळेबंद व शासकीय उद्दिष्टे यांत गुंतले होते, हे तो दाखवितो. परंतु दोषाचा मुख्य भार स्थानिक नेतृत्वावर ठेवतो. याच आयोगाच्या जुलै २००६ मधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या अहवालात किमान ३३ मृत्यूंची नोंद होती, आणि रुग्णांच्या विलगीकरणाचा संसर्ग-नियंत्रण पथकाचा सल्ला उद्दिष्टांपायी मागे पडल्याचे म्हटले होते. पंधरा महिन्यांत दोन संस्थांत तोच दोष आढळत असेल, तर ‘अकार्यक्षम नेतृत्व’ हे स्पष्टीकरण कितपत पुरते? तातडीच्या विभागातील रुग्णाचा चार तासांत निकाल लावण्याचे उद्दिष्ट लंडनहून आले होते. आणि त्या उद्दिष्टांवरून रुग्णालयांना श्रेणी देण्याचे काम काही काळ हेल्थकेअर कमिशनच करीत होते. चौकशी एका ट्रस्टपुरती मर्यादित होती, हा बचाव तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य आहे. तरीही स्वतःच्या मोजपट्टीविषयीचे आयोगाचे मौन खटकते.

अर्थात, उद्दिष्ट ही कल्पनाच घातक, असे म्हणण्याचीही सोय नाही. पुढे सरकारने याच संसर्गात २०१०-११ पर्यंत ३० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट ठरविले. इंग्लंडमधील नोंदी २००७-०८ मधील ५५ हजारांवरून २०१३-१४ मध्ये सुमारे १३ हजारांवर आल्या. फ्लुरोक्विनोलोन व सेफॅलोस्पोरिन गटांतील प्रतिजैविकांच्या वापरावर आलेला निर्बंध यामागे होताच. केंटमध्ये २०११ साली पेंबरी येथे याच ट्रस्टचे नवे रुग्णालय पूर्णत्वास गेले. तेथे दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णास स्वतंत्र खोली आहे.